वीतभर पेटीची गवसणी

सुनेने नवा संगणक घरी आणला त्या दिवशी मास्तरांना वाटलं, हे नुसतं खोकं आहे, खरं यंत्र मागाहून येणार. त्यांनी दाराबाहेर डोकावूनसुद्धा पाहिलं. मागून काही आलं नाही. कापायच्या टेबलावर ठेवलेली वीतभर लांब, वीतभर रुंद आणि जेमतेम चार बोटं उंच काळी पेटी, तोच संगणक.

"एवढाच?" मास्तर म्हणाले.

"एवढाच, बाबा. मुद्दाम लहान घेतलाय. मोठा आणून ठेवायचा कुठे?"

हे मात्र खरं होतं. मास्तरांचं शिवणाचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. मधोमध कापायचं टेबल, त्याच्यापुढे दोन शिलाई मशिनी, गिऱ्हाइकाला कपडा घालून बघायला एक आडपडदा, आणि उरलेल्या जागेत कापडाचे गठ्ठे. आत यायचं तर अंग चोरूनच यायला लागायचं. त्यातच आता कोपऱ्यात भरतकामाची मशीन येऊन बसली होती आणि मास्तरांच्या बायकोने, म्हणजे सासूबाईंनी, जाहीर केलं होतं की यापुढे या खोलीत सुईसुद्धा आणायची तर आधी दुसरी बाहेर काढा.

भरतकामाची मशीन सुनेची. लेकीसाठी तिने ती घेतली, असं म्हटलं तरी चालेल. आधी ती एका मोठ्या कारखान्यात भरतकामाची चित्रं बसवायची. चित्र काढणं वेगळं आणि बसवणं वेगळं. सुई कुठे उतरेल, टाका किती लांब, कोणत्या दिशेने, दोरा कुठे तोडायचा, हे सगळं संगणकावर एकेका टाक्याने ठरवायचं आणि मग ते मशीनला पाठवायचं. कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण कारखाना लांब. सकाळी लेक झोपेत असताना निघायचं आणि रात्री लेक झोपल्यावर यायचं. सुट्टीच्या दिवशी ती लेकीला घ्यायला हात पुढे करायची, तर पोर आजीच्या खांद्यात तोंड लपवायची. एकदा असं झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिने नोकरी सोडली.

नवरा बस चालवायचा. तो म्हणाला, बघू जमतंय का. मशीन आली. पण मशीन म्हणजे नुसता हात. तिला टाके सांगायला संगणक हवाच, आणि कारखान्यातला तिचा संगणक कपाटाएवढा होता. म्हणून ही पेटी.

तिने चार स्क्रू काढून वरचा पत्रा बाजूला केला आणि मास्तरांना आत दाखवलं. मास्तरांनी चष्मा वर चढवला. गळ्यात टेप होतीच. मास्तर जेवायलाही टेप काढून बसत नसत.

"आत माया ठेवलीय का?" त्यांनी विचारलं.

शाळेचे गणवेश शिवताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पोर वाढलं की उसवून सैल करायला. शिंप्यांच्या बोलीत ती माया. सुनेला त्यांचा प्रश्न इतका आवडला की ती हसलीच.

"ठेवलीय की. ही बघा, मेमरीच्या पट्टीला दोन खाचा आहेत, एकच भरलीय. इथे पातळ डिस्क आहे. तिच्याशेजारी ही बारीक खाच, इथे चिपची नवी डिस्क बसते, ती जास्त भरभर चालते. प्रोसेसर मात्र बोर्डालाच डकवलेला, तो जन्मभराचा. आणि मोठं ग्राफिक्सचं कार्ड यात बसणार नाही, तेवढी उंचीच नाही."

"म्हणजे लांबी वाढेल, खांदा वाढणार नाही," मास्तर म्हणाले आणि आपल्या मशिनीकडे वळले. त्यांच्या लेखी विषय संपला. निदान सुनेला तरी तसंच वाटलं.

सुनेबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाही तर पुढचं कोणाला खरं वाटणार नाही. ती तक्रार करत नसे. कशाचीच नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात तिच्या तोंडून "हे नको", "ते खुपतंय" असं अक्षर निघालं नव्हतं. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायच्या, आमची सून म्हणजे तोंडातून ब्र काढत नाही. आणि असं कौतुक वाईट असतं बरं का. एकदा अंगाला चिकटलं की माणूस ते जपत बसतो. चप्पल चावत असली तरी चालत राहतो.

तर एक दिवस सून लेकीला घेऊन बाजारातून आली आणि बघते तर काय, संगणकाने कोट घातलेला.

गवसणी होती ती. गर्द निळ्या कोटाच्या कापडाची, मास्तर ज्याचा तुकडाही कुणाला हात लावू देत नसत त्या कापडाची. आतून फ्लॅनेलचं अस्तर, मधे मऊ भरण, कडेने बारीक पायपिन. पुढे चालू करायच्या बटणाला एक काज. यूएसबीच्या दोन भोकांना दोन लांबट काज. मागे पडद्याची केबल, नेटची वायर, वीज, प्रत्येकाला आपापलं काज, वायर न उपसता चढवता यावं म्हणून खालच्या काठापर्यंत चिरलेलं, आणि प्रत्येक काज हाताने गुंफलेलं. खाली पोटाकडून सहा बटणं. पेटीच्या दोन्ही कुशींना बारीक जाळी होती, तिथे मास्तरांनी खास दुहेरी अस्तर लावलं होतं. इतकी अंगाबरोबर बसली होती की कुठे चिमटीत कापड येत नव्हतं.

"इथे कापडाचा कोंडा फार," मास्तर मशिनीवरून मान वर न करता म्हणाले. "शिलाई मशिनीत जातो, तर यात का जाणार नाही? त्या जाळीतून तर सरळच आत."

मास्तर कोणाला शाबासकी द्यायचे नाहीत, मुलालाही नाही. तिच्या संगणकाकडे त्यांनी त्या दिवसानंतर ढुंकूनही पाहिलं नव्हतं, असं ती समजून होती. आणि ते तिच्या पाठीमागे माप घेत होते. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं की ही गवसणी कधी म्हणून काढायची नाही.

आणि तिथेच घोळ झाला. पण तो तिला कळायला फार वेळ लागला.

काम चांगलं आलं होतं. गावात एक नाट्यगृह होतं, त्याच्या मोठ्या पडद्याची किनार नव्याने करायची होती. तिथल्या व्यवस्थापक बाई स्वतः दुकानात आल्या, कापडाच्या गठ्ठ्यांतून वाट काढत. त्यांना किनारीवर पाणवेली हव्या होत्या आणि त्यात उभे बगळे. आधी एक हात लांबीचा नमुना करून दाखवा, पसंत पडला तर सगळा पडदा तुमचा, मग बाजूचे पडदे, मग खुर्च्यांची पाठ. नमुना पुढच्या शनिवारी हवा.

सुनेच्या लेखी हा शनिवार म्हणजे सगळंच होतं. कारखान्याच्या सुपरवायझरने तिची जागा अजून भरली नव्हती. फोन करून तो विचारत असायचा, काय ठरलं, येताय का? तो माणूस भला होता आणि तिला तेच जड जात होतं. नमुना झाला तर ती घरी राहणार. नाही झाला तर पहाटेची गाडी आणि रात्रीची गाडी. आत्ता कुठे पोर तिच्या कडेवर येऊन तिच्याच कानातल्याशी खेळायला लागली होती.

बगळे मात्र वैरी निघाले. एकेका पिसाचे टाके वेगळ्या दिशेचे, वरून पाणवेलीचे थर. तिने सगळं रचून संगणकाला सांगितलं, आता हिशोब करून टाके भर. संगणकाने सुरुवात केली, पडद्यावरची कामाची पट्टी अर्ध्यावर गेली, आणि खट्. पडदा काळा. ना आवाज, ना सूचना. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. साधी कामं तो सुतासारखी करायचा. गणवेशाच्या खिशावरची नावं, रुमालावरची फुलं, काही अडचण नाही. बगळ्यांनाच तो घाबरायचा.

तिने गवसणीची बटणं काढली, पेटी पिशवीत घातली आणि संगणकाच्या दुकानात नेली. गवसणी बरोबर न्यायचा प्रश्नच नव्हता. तिकडे ग्रीसचे हात लागतील, असं मास्तरांनी बजावलं होतं.

दुकानातली दुरुस्तीवाली बाई तिच्याच वयाची. बोलायला सडेतोड, कानाला पेन खोचलेला. तिने विचारलं, "गरम होतो का?"

"नाही हो. हात लावला तर कोमट लागतो."

हे ती खोटं बोलत नव्हती. भरण घातलेल्या गवसणीवरून हात लावल्यावर दुसरं काय लागणार?

"मग मेमरी कमी पडत असेल. एक खाच मोकळी आहे ना तुझी, भरून टाक."

भरली. दुकानात बसून बगळे लावून बघितले. पट्टी सरसर शेवटपर्यंत गेली. सुनेचा जीव भांड्यात पडला. घरी आणली, गवसणी चढवली, सहाही बटणं लावली, बगळे लावले, आणि खट्.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान. आता जुनी डिस्क काढून चिपची डिस्क बसवली. दुकानात चालला. घरी बंद. तिसऱ्या खेपेला दुरुस्तीवालीने अ‍ॅडाप्टर बदलून दिला, तेव्हाही तेच. सून पुन्हा गेली तेव्हा दुरुस्तीवाली वैतागली. "माझ्याकडे सकाळपासून चालू आहे, जरासुद्धा कुरकुर नाही. तुझ्या घरची वीज बघून घे. आणि खरं सांगू का? या पेटीत आता वाढवायला काही उरलं नाही. जे होतं ते सगळं भरलं. प्रोसेसर बदलता येत नाही. एवढ्या जड कामाला मोठा संगणक लागतो."

सून पिशवी छातीशी धरून घरी आली. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाली ती बाई? "काही नाही, होईल," सून म्हणाली. तिचं ठरलेलं उत्तर.

कळलं ते अचानक. दुपारी पडदा काळा झाला तसा तिने लगेच मागचा काठ वर केला, वायर सैल आहे का बघायला, आणि तिची बोटं पत्र्याला लागली. तिने हात झटकन मागे घेतला. चटका बसला होता. तिने बटणं काढली, गवसणी उतरवली आणि कुशीच्या जाळीजवळ तळवा धरला. भट्टीतून यावी तशी वाफ आली.

आतला पंखा एका कुशीने थंड हवा ओढतो, दुसऱ्या कुशीने गरम हवा सोडतो. दोन्ही कुशींना मास्तरांनी दुहेरी अस्तर लावलं होतं. यंत्र गरम झालं की जळू नये म्हणून आपणहून बंद पडायचं, एवढंच. त्यात काही कच्चं नव्हतं. त्याचा जीव गुदमरत होता.

आता कोणीही म्हणेल, यात काय मोठंसं, सासऱ्याला जाऊन सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पण तिला ते होईना. ती गवसणी मांडीवर घेऊन बसली. काजांवरून बोट फिरवलं. काय तोंडाने सांगणार होती ती? की बाबा, तुम्ही इतक्या मायेने केलंत आणि तेच माझ्या मुळावर आलं? म्हातारा माणूस, पुन्हा काही करायला हात पुढे करेल का? तिने आजवर या घरात कुणाला दुखवलं नव्हतं आणि आता तरी का दुखवावं, असं म्हणून ती मूग गिळून बसली.

मग लपवाछपवी सुरू झाली. मास्तर बाहेर गेले की गवसणी उतरायची, त्यांच्या चपलांचा आवाज आला की चढायची. सहा बटणं काढायची, सहा लावायची. तिच्या नाकी नऊ आले. आणि मास्तर घरीच बसणारे. त्यांचं बाहेर जाणं ते कितीसं? एकदा तिला उशीर झाला आणि मास्तरांनी पेटी उघडी पाहिली. "अगं, कोंडा जाईल," म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने गवसणी चढवली, काठ खाली ओढून सरळ केला आणि वर एक थोपटही मारली. ती म्हणाली, "हो बाबा."

शुक्रवारी सकाळी मास्तर बाही जोडायच्या कामात गढले होते. तिने हळूच बटणं काढली आणि बगळ्यांचं शेवटचं मोठं काम सुरू केलं. रात्रभर मनात घोळवलेल्या सगळ्या सुधारणा तिने त्यात केल्या होत्या. वेलींचा डौल आता कुठे तिला हवा तसा आला होता. पट्टी सरकत होती. तेवढ्यात आत लेक रडली. ती उठून गेली, पोरीला न्हाऊ घातलं, कपडे चढवले, केस पुसले. परत आली तर पडदा काळा, पेटी निळ्या कोटात, सगळी बटणं जागच्या जागी. मास्तर आपल्या खुर्चीत निवांत बाही शिवत होते.

सकाळपासूनच्या सुधारणा गेल्या. तिने साठवून ठेवलं होतं ते आदल्या दिवशीचं. आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला, कारखान्यातून. सुपरवायझर म्हणाला, आज मला वरती नाव द्यायचंय, तुम्ही येताय का दुसरं कोणी बघू? ती म्हणाली, तासाभरात सांगते. फोन ठेवला आणि कडेवरच्या पोरीच्या ओल्या केसांवर तिने गाल टेकला.

मास्तरांनी मशीन थांबवली. त्यांना फोन ऐकू आला होता, पडदाही दिसत होता.

"पुन्हा बंद पडलं?"

"हो."

मास्तरांनी हातातली बाही बाजूला ठेवली. मग म्हणाले, "जा तू कारखान्यात. चिमणीला आम्ही दोघं बघू. मागेही बघतच होतो. यंत्रच कच्चं निघालं, त्याला तू तरी काय करणार?" ते उठून आले, पेटीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. "आपण आपल्याकडून कसर ठेवली नाही, एवढं खरं."

तो हात बघून सुनेला भडभडून आलं. राग आला, दया आली, स्वतःची चीड आली, सगळं एकदम. रडू दाबत ती बोलली. जे बोलली ते या घरात पहिल्यांदाच.

"बाबा, गवसणी घट्ट होते."

तिला वाटलं, आता मास्तरांचा चेहरा पडेल. ते आत निघून जातील, दोन दिवस बोलणार नाहीत. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीही श्वास रोखला. पण मास्तरांचं उभं आयुष्य हेच वाक्य ऐकण्यात गेलं होतं. दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस हेच म्हणायचा. त्यांचा हात आपसूक गळ्यातल्या टेपेकडे गेला.

"कुठे?" ते म्हणाले.

"कुशीत. दोन्ही बाजूंना."

"काढ बघू."

तिने बटणं काढली. मास्तरांनी चष्मा चढवला. तिने पेटी चालू केली, वरचा पत्रा काढून पंखा दाखवला, इकडून हवा घेतो, तिकडून सोडतो, काम जड झालं की जोरात. मास्तरांनी एका कुशीजवळ हात धरला. मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्या. बराच वेळ ते तसेच हात धरून उभे होते.

"म्हणजे हे श्वास घेतं," ते म्हणाले.

"हो बाबा."

"आणि मी माप घेतलं तेव्हा हे बंद होतं." मास्तर खुर्चीवर बसले. "छातीचं माप घेताना गिऱ्हाइकाला मी काय सांगतो? श्वास भरून घ्या म्हणून. पोट आत ओढून कोणी उभा राहिला तर मी माप घेतच नाही. आणि हे निपचित पडलेलं असताना टेप लावून मोकळा झालो." त्यांनी गवसणी उलटी करून अस्तर पाहिलं, दुहेरी कापडाला हात लावला आणि स्वतःशीच हसले. "वर फ्लॅनेल. मेलं नाही हेच नशीब."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हणणार होते, एवढ्या उन्हात कोट कशाला म्हणून."

"मग म्हणाली का नाहीस?"

"तुम्ही कधी ऐकलंयत माझं?"

मास्तरांनी कात्री न घेता उसवणी घेतली आणि कुशीची पहिली शिवण तोडायला घेतली. सुनेला बघवेना. "बाबा, उसवू नका ना. राहू दे तशीच. मी घडी करून ठेवते."

"उसवायला कसली लाज?" मास्तर म्हणाले. हात थांबला नव्हता. "तुला केव्हा कळलं?"

ती पोरीचे ओले केस नीट करायला लागली.

"आज नाही कळलेलं. बटणांचे दोरे सैल झालेत. कितीदा काढलीस, लावलीस?"

"चटका बसला त्या दिवशी कळलं. मंगळवारी," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मास्तरांनी उसवणी खाली ठेवली. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"वाईट वाटलंच. पण गवसणीचं नाही," ते म्हणाले. "घट्ट झालं म्हणून भांडणारं गिऱ्हाईक मला कधी जड गेलं नाही. सैल करून दिलं की ते पुन्हा येतं. जे हसून, छान झालंय म्हणून कपडा घेऊन जातं आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या शिंप्याकडे दिसतं, त्याचं मी काय करू? तू निघाली होतीस की गं कारखान्यात. मला न सांगता."

सुनेने डोळे पुसले. पोरीला यातलं काही कळत नव्हतं. ती उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे वेचत होती. सासूबाईंनी पुढे होऊन सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, आता रडत बसू नका दोघं, उद्या शनिवार आहे.

मग कामाला वेग आला. संगणक उघडाच ठेवून सून बगळ्यांना पुन्हा भिडली. घातलेली मेमरी आणि चिपची डिस्क आता खऱ्या कामाला आली. मोकळा श्वास मिळाल्यावर ती पेटी अशी पळायला लागली की सुनेलाच तिच्यामागे धावावं लागलं. गेलेल्या सुधारणा दुपारपर्यंत पुन्हा उतरल्या. दुसऱ्यांदा करताना तिने एका बगळ्याची मान आणखी वाकवली आणि ती आधीपेक्षा बरी दिसली. तिकडे मास्तर नवी गवसणी बेतत होते. या खेपेला यंत्र चालू ठेवून, तेही बगळ्यांचं जड काम चालू असताना, त्यांनी माप घेतलं. कॉलरीत घालतात ते कडक बकरम लावून त्यांनी छपरासारखं काहीतरी केलं, चहूबाजूंनी बोटभर सुटं, कुशींना बारीक जाळीचं कापड, पाठ सताड उघडी. कोंडा थोडा जाईलच, मास्तर म्हणाले. आठवड्याला पत्रा काढून पंखा ब्रशने झाडायचा. सासूबाई म्हणाल्या, ते मी करीन, तुम्ही दोघं नुसते श्वास मोजत बसा.

संध्याकाळी उजेड असतानाच भरतकामाची मशीन थांबली. चौकटीतून कापड सोडवून सुनेने टेबलावर पसरलं. पाणवेली हलत्यासारख्या दिसत होत्या आणि त्यात तीन बगळे, तिसरा मान वाकवून पाण्यात बघणारा. मास्तरांनी कापड उलटं करून मागची बाजू आधी पाहिली, शिंपी पाहतो तशी. दोरे, गाठी, सगळं साफ. "बरंय," ते म्हणाले, आणि हे "बरंय" त्यांच्या मुलाच्याही वाट्याला क्वचितच आलं होतं.

सुपरवायझरला तिने दुपारीच फोन केला होता. नमुना पसंत पडेल की नाही हे माहीत नसतानाच. दुसरं कोणी बघा, मी येणार नाही, असं तिने स्वच्छ सांगितलं आणि सांगताना तिला आपल्याच आवाजाचं नवल वाटलं. शनिवारी नाट्यगृहाच्या बाई आल्या. नमुना त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि मागचापुढचा विचार न करता सगळा पडदा देऊन टाकला. त्या गेल्यावर सासूबाई आत चहा ठेवायला गेल्या. मास्तर टेबलावरचा कोंडा हाताने गोळा करत होते.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"आणखी काय, बाबा?"

"आणखी काय काय खुपतं? एवढी वर्षं आहेस या घरात. एकच गोष्ट घट्ट झाली असेल असं मला वाटत नाही. सांगून टाक."

सून आधी "काही नाही" म्हणणार होती. ते तोंडापर्यंत आलंही. मग तिने तिच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मशीन, पडदा, खुर्ची, आणि म्हणाली, "मला रस्त्याकडे तोंड करून बसायचंय. दिवसभर भिंत बघून बघून कंटाळा येतो. रस्ता दिसला तर बरं वाटेल."

मास्तरांनी खोलीभर नजर फिरवली. रस्त्याकडच्या खिडकीशी त्यांची स्वतःची मशीन होती. ती तिथे बसवली तेव्हा सुनेचा नवराही जन्मला नव्हता. ते उठले, मशीनच्या एका बाजूला गेले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "धर ती बाजू. आणि जड लागलं तर सांग."

दोघांनी मिळून ती उचलली. अर्ध्या वाटेत सून म्हणाली, "बाबा, जड लागतंय," आणि मास्तरांनी लगेच खाली टेकवली.